शेतात-बागेत घालायला टिकाऊ हातमोजे कसे निवडायचे

छाटणीचा हंगाम जवळ आला की तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात हातमोज्यांचे गठ्ठे येऊन पडतात, आणि येणारा प्रत्येकजण दोन-तीन जोड्या दाबून बघतो, त्यातली सगळ्यात जाड उचलतो आणि जातो, कारण जाड म्हणजे टिकाऊ हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. माझं म्हणणं असं की जाडी ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. घरातला एखादा फाटलेला जुना हातमोजा हातात घेऊन बघा, तळव्याचं चामडं बऱ्याचदा अजून धड असतं, गेलेली असते ती शिलाई, नाहीतर अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधली जागा. आणि जाडजूड हातमोज्यात कात्री नीट धरता येत नाही म्हणून माणूस थोड्या वेळात वैतागून तो काढून बांधावर ठेवतो आणि पुढचं सगळं काम उघड्या हातानेच करतो, मग तो हातमोजा वर्षानुवर्षं टिकला तरी उपयोग काय त्याचा. चामड्याची प्रत, शिलाई आणि माप, हे तीन आधी बघायचं, जाडी नंतर.

आमच्याकडे सांगोल्याच्या बाजूला डाळिंब, मधेमधे लिंबू, बांधाला बोरी आणि ओढ्याकडेला वेडी बाभूळ, म्हणजे काट्यांची काही कमी नाही, त्यामुळे मी जे लिहितेय ते मुख्यतः काट्यातल्या कामाचं आहे. पण घरामागच्या बागेत गुलाब आणि बोगनवेल छाटणाऱ्यांना, दगड उचलणाऱ्यांना, तारेचं कुंपण ओढणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी एक सांगते, चामडं, सुती कापड आणि नैसर्गिक रबर यांच्याबद्दलच का लिहितेय. हल्ली नायलॉनच्या विणलेल्या, तळव्याला रंगीत थर दिलेल्या जोड्या सगळीकडे मिळतात, हाताला छान बसतात, बारीक कामाला बऱ्याही आहेत. पण काट्यात एकदा तो थर चिरला की तिथून सोलपटत जातो आणि त्याला कोणी दुरुस्त करू शकत नाही. शिवाय विस्तवाजवळ नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, हुरड्याच्या आगटीजवळ किंवा कुंपणाचं वेल्डिंग चालू असताना हे फार धोक्याचं आहे. चामडं आणि सुती कापड करपतं पण वितळत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळीसच्या वर असतो तेव्हा आत साचणारा घाम चामडं आणि सुती कापड थोडाफार शोषून घेतं, प्लास्टिकच्या थराच्या आत हात अक्षरशः भिजून पांढरा पडतो. आणि चामड्याचा हातमोजा उसवला तर बाजाराच्या दिवशी चपला शिवणाऱ्या काकांकडे दिला की तासाभरात परत मिळतो.

चामडं ओळखायला शिका

जनावराचं कातडं बरंच जाड असतं म्हणून कारखान्यात ते मशीनवर आडवं चिरून त्याचे थर करतात. वरचा, म्हणजे जिकडे केस होते तो थर, त्याला दुकानात ग्रेन म्हणतात, आणि खालचा तो स्प्लिट. ग्रेनची एक बाजू गुळगुळीत असते, नीट बघितलं तर केसांची बारीक छिद्रं दिसतात. स्प्लिट दोन्ही बाजूंनी मखमलीसारखं लवदार असतं. आता महत्त्वाचं हे की कातड्याचे तंतू वरच्या थरात जास्त घट्ट विणलेले असतात आणि खाली जावं तसे सैल होत जातात, म्हणून तेवढ्याच जाडीचं ग्रेन हे स्प्लिटपेक्षा जास्त चिवट असतं, लवकर वाकतं आणि पाणीही उशिरा पितं. स्प्लिट स्वस्त पडतं, घासायला आणि उष्णतेला बरं, वेल्डिंगचे राखाडी लांब हातमोजे जे असतात ते बहुतेक स्प्लिटचेच. दगड, विटा, तार, जळणाची लाकडं, घमेली वाहणं, असल्या कामाला स्प्लिट घ्या, त्यातही तळव्याला दुहेरी पट्टी शिवलेलं मिळालं तर उत्तम. छाटणी, बांधणी, जिथे बोटांनी काहीतरी पकडायचंय तिथे ग्रेन.

जनावरानुसार पण फरक पडतो. म्हशीचं चामडं जाड, भरड, रगड कामाला चांगलं पण सुरुवातीला कडक वाटतं. गाई-बैलाचं मधलं. बकरीचं पातळ असूनही चांगलं चिवट असतं आणि बोटांना फार छान वाकतं, मला स्वतःला डाळिंबाच्या छाटणीला बकरीचंच आवडतं कारण कात्रीचा खटका बोटाला कळतो. मेंढीचं मऊ लागतं हाताला, दुकानात घालून बघितलं की लगेच आवडतं, पण मेहनतीच्या कामाला ते घेऊ नका, लवकर फाटतं. डुकराचं चामडंही हातमोज्यांत वापरतात, त्याची छिद्रं तीन-तीनच्या पुंजक्यात दिसतात म्हणून ओळखू येतं, ते भिजून वाळलं तरी फार कडक होत नाही. धर्माच्या किंवा घरच्या रीतीमुळे ज्यांना ठराविक जनावराचं चामडं नको असेल त्यांनी दुकानदाराला स्पष्ट विचारावं, यात संकोच करण्यासारखं काही नाही, आणि सांगता आलं नाही तर ती जोडी सोडून द्यावी. अजिबातच चामडं नको असणाऱ्यांसाठी पुढे कॅनव्हासचं लिहिलंय.

कमावण्याची पद्धतही विचारून घ्या. आपली कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते, ते चामडं दणकट असतं पण भिजून वाळलं की ताठ होतं, चपलेला ते चालतं, हातमोज्याला नाही. हातमोज्यांचं चामडं बहुतेक सगळं क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, कापलेल्या कडेला निळसर-राखाडी झाक दिसते, ते मऊ राहतं आणि पाण्याला, उष्णतेला जास्त दाद देत नाही. पण क्रोम नीट न कमावलेल्या स्वस्त मालातून काही जणांच्या हाताला खाज, पुरळ येतं. युरोपात तर २०१५ पासून कातडीला लागणाऱ्या चामडी वस्तूंत घातक क्रोमियमला किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे, इतका हा विषय गंभीर आहे. ज्यांचे हात आधीच नाजूक आहेत, इसब आहे, त्यांनी आतून पातळ सुती हातमोजा घालावा आणि तो रोज धुवावा.

दुकानात उभं राहून काय काय तपासायचं

इथे घाई करू नका, दुकानदार कंटाळला तरी चालेल. मी हातमोजा घेतला की पहिल्यांदा तो आतून उलटा करते, निदान अंगठा आणि दोन बोटं तरी. शिलाईच्या बाहेर चामडं किती सोडलंय ते बघते, अगदी कडेला टाके घातलेले असतील तर थोडा जोर पडला की चामडं दोऱ्याने कापल्यासारखं फाटत जातं. मग टाके बघायचे, एकसारखे आहेत का, मधे सुटलेत का, शेवटाला गाठ आहे का लोंबता दोरा आहे. दोरा सुती असेल तर तो घामाने आणि पावसाने कुजतो, म्हणून इथे मी नैसर्गिकचा हट्ट धरत नाही, पॉलिस्टरचा किंवा केवलारचा (हाही कृत्रिमच, पण फार चिवट) दोरा असेल तर चांगलंच. (चामड्याची जोडी सुती दोऱ्याने शिवायची आणि नाव टिकाऊ ठेवायचं हे मला पटतच नाही.) नखाने एक टाका उचलून बघा, सहज वर येत असेल तर ठेवून द्या.

शिलाई कुठून जाते तेही बघायचं. बोटांच्या मुळाशी तळव्याच्या बाजूने शिलाई जात असेल तर फावड्याचा दांडा नेमका तिथेच घासतो, आधी हाताला फोड येतो आणि नंतर शिलाई जाते. चांगल्या हातमोज्यात मधल्या दोन बोटांची शिलाई मागच्या बाजूला नेलेली असते. अंगठा वेगळा कापून कोनात बसवलेला हवा, तळव्याच्याच तुकड्यातून सरळ काढलेला अंगठा मूठ वळताना ओढला जातो. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे वरून चामड्याचा जादा तुकडा लावलेला असेल तर मी थोडे पैसे जास्त द्यायला तयार असते, कारण कात्री, विळा, खुरपं, कुदळ, सगळ्याचा जोर तिथेच येतो. आणि शिलाईच्या मधे चामड्याची बारीक पट्टी घातलेली दिसली तर ते चांगलं लक्षण, ती पट्टी आधी झिजते आणि दोरा वाचतो.

मग चामडं. तळवा दुमडून चिमटीत दाबा, घडीवर वरचा रंगाचा पापुद्रा तडकत असेल, भेगा दिसत असतील तर ते हलक्या प्रतीचं स्प्लिट आहे, वरून रंग मारून ग्रेनसारखं केलेलं. कापलेल्या कडेला तंतू दिसायला हवेत, तिथे कापडाची जाळी आणि वर प्लास्टिकचा थर दिसला तर ते रेक्झिन आहे. ओल्या रुमालाने घासून बघा रंग किती निघतो, खूप निघत असेल तर घामाने तोच रंग तुमच्या हाताला लागणार. दोन्ही हातमोजे शेजारी ठेवून जाडी सारखी आहे का बघा, स्वस्त जोड्यांत एका बोटाला पोटाकडचं सैल चामडं वापरलेलं असतं, ते ओढलं की लांबतं आणि परत येत नाही.

पाकिटावर ढालीच्या आत हातोड्याचं चित्र आणि खाली आकडे असतील तर तो इएन ३८८ हा युरोपियन मानकाचा शिक्का आहे. पहिला आकडा घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. कापण्याचा आकडा ५ पर्यंत जातो, बाकीचे ४ पर्यंत, जास्त आकडा म्हणजे जास्त दम. दगडमातीच्या कामाला पहिला आणि तिसरा बघा. काटेवाल्यांनी चौथा बघावा, पण टोचण्याची ती चाचणी जाडसर सुळ्याने करतात, बाभळीचा बारीक काटा त्या मानाने कुठूनही आत शिरू शकतो, त्यामुळे चौथा आकडा ४ असला तरी फांदी मुठीत आवळायची नाही. आपल्याकडे चामडी आणि सुती हातमोज्यांसाठी आयएस ६९९४ हे भारतीय मानक आहे, कारखान्यांना माल देणाऱ्या दुकानात त्याबद्दल विचारलं तर कळतं. मोठ्या खरेदीसाठी, म्हणजे गटशेती किंवा मजुरांसाठी एकदम घ्यायचे असतील तर एमआयडीसीजवळची सेफ्टी सामानाची दुकानं बघा, पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चार दुकानं फिरून हातात घेऊन बघता येतं. आपल्याकडचा बराचसा कामाच्या हातमोज्यांचा माल कोलकात्याहून येतो, तिथे हा मोठा धंदा आहे. ऑनलाइन घेताना फोटोत आतली बाजू दिसत नाही म्हणून पहिल्यांदा एकच जोडी मागवा.

माप, आणि बायकांच्या हाताचं माप

यावर मी मुद्दाम जास्त लिहिणार आहे. खुरपणी, वेचणी, फळांची विरळणी, काढणी, ऊसतोडीला मोळ्या बांधणं, शेतातली हाताची कामं निम्म्याहून जास्त बायकाच करतात हे कोणालाही विचारा, आणि दुकानात हातमोजे मात्र पुरुषाच्या हाताचे. "ताई फ्री साइज आहे, सगळ्यांना होतो" असं म्हणून जो पुढे केला जातो तो ९ किंवा १० नंबरचा असतो. त्यात बायकांच्या बोटांच्या पुढे बोटाच्या पेरभर चामडं रिकामं राहतं, तेच कात्रीत सापडतं, फांदीत अडकतं, आणि मग म्हणतात बायकांना हातमोजे घालायची सवय नाही. सवय कशी होणार.

माप घ्यायला काही लागत नाही. ज्या हाताने काम करता तो हात सपाट ठेवा, अंगठा सोडून तळव्याभोवती, बोटांच्या गाठींच्या लगेच खाली शिंप्याची टेप गुंडाळा, जेवढे इंच येतील तो तुमचा नंबर. ७ नंबर म्हणजे घेर साधारण १७८ मिलिमीटर, ८ म्हणजे २०३, ९ म्हणजे २२९. मग मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या घडीपर्यंत लांबी मोजा, ७ ला ती १७१ धरलेली असते, ८ ला १८२, ९ ला १९२. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजा. दुकानात नुसतं "लहान द्या" न म्हणता "सात नंबर दाखवा" म्हणायचं, नसेल तर "मागवून ठेवा, पुढच्या बाजारी घेऊन जाते" म्हणायचं, चार बायकांनी असं मागितलं की दुकानदार ठेवायला लागतो, आमच्या इथे असंच झालं.

घातल्यावर मूठ वळा, कात्री किंवा काउंटरवर जे काही असेल ते धरा. चामडं रुंदीला सैल होतं, लांबीला फारसं नाही, म्हणून तळव्याला थोडा आवळ चालेल पण बोटांची लांबी पहिल्या दिवशीच बरोबर हवी. बोटांमधला खड्डा हातमोज्याच्या खड्ड्याला टेकला पाहिजे. दोन मापांच्या मधे असाल तर आतून सुती घालणाऱ्यांनी मोठं घ्या, बाकीच्यांनी लहान.

मनगटाचं पण बघून घ्या. काट्याच्या कामाला कोपरापर्यंत जाणारी लांब बाही हवी, डाळिंबाच्या आणि लिंबाच्या झाडात हात घातला की ओरखडे तळव्याला कमी आणि मनगटाच्या वरच जास्त येतात. बोगनवेलीला पण हेच. खुरपणीला मात्र आखूड आणि विणलेल्या मनगटाचा बरा, माती आत जात नाही. बांगड्या असतील तर आवळ इलॅस्टिकचा अजिबात घेऊ नका, काचेची बांगडी आत फुटली तर हातमोजा पटकन काढता येत नाही. रुंद तोंडाचा घ्या, बांगड्या वर सरकवा आणि त्यावरून जुन्या सुती साडीची किंवा शर्टाची बाही चढवा. ऊसतोडीवाल्या बायका पाचटाने हात कापू नयेत म्हणून अशाच बाह्या वापरतात, आणि त्या फार उपयोगी आहेत. अंगठी काढून ठेवा.

सुती आणि कॅनव्हास

विणलेले पांढरे सुती हातमोजे चहा-वड्याच्या पैशात मिळतात, ते वाईट नाहीत, त्यांचं काम वेगळं आहे इतकंच. कांदा काटणी, भुईमूग तोडणं, बाजरीची कणसं, नारळाची झावळी ओढणं, गरम भांडं धरणं, यांना पुरेसे. सराटा, काटा, गवताची कुसळं मात्र त्यांच्या जाळीतून सरळ आत येतात. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला सारखी टोचतात, तिथे पातळ सुती हातमोजा घेऊन अंगठा आणि दोन बोटांची टोकं कापून टाका, बाकी हात झाकलेला राहतो आणि कापूस चिमटीत येतो. घेताना विण दाट आहे का ते उजेडासमोर धरून बघा, आणि मनगटाची कड ओवरलॉक केलेली हवी नाहीतर दुसऱ्या दिवशी धागे सुटायला लागतात. सुती हातमोजे ओले झाले की बदला, ओल्यात हात सोलवटतात.

कॅनव्हासचे किंवा जाड ड्रिल कापडाचे शिवलेले हातमोजे यापेक्षा बरेच दणकट. चामडं नको असणाऱ्यांनी हेच बघावेत, दुहेरी तळव्याचे. एखादी ओळखीची शिंपीण असेल तर जुन्या जीन्सच्या पायांपासून दुहेरी तळव्याचे अगदी आपल्या हाताच्या मापाचे शिवून घेता येतात, जीन्सचा मांडीकडचा भाग घ्यायचा, गुडघ्याचा झिजलेला असतो.

चिखल, चीक आणि खाज

भाताची लावणी, ओल्या शेणाचं काम, पावसाळ्यातली खुरपणी यात चामडं खराब होतं, कापड नुसतं जड होतं. तिथे सुती अस्तरावर नैसर्गिक रबराचा थर दिलेले घ्या, ओल्यात त्यांची पकड सगळ्यात चांगली असते. उन्हात वाळत घातलं की रबर तडकतं आणि डिझेल, ऑइल लागलं की फुगून चिकट होतं, म्हणून ट्रॅक्टरच्या कामाला हे वापरू नका. रबराची ॲलर्जी असते काहींना, हात लाल होऊन खाजायला लागले तर बंद करा.

गाजर गवताचं वेगळं सांगते कारण यात लोक हमखास सुती हातमोजे वापरतात. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं हे गवत आता बांधाबांधावर आहे आणि त्याने कातडीला जे इसब होतं ते काहींचं जन्मभर जात नाही. सुती कापडात त्याची धूळ आणि रस मुरतो आणि दिवसभर हाताला लागून राहतो, तिथे धुता येणारा रबराचाच हातमोजा, तोही कोपरापर्यंत. खाजकुइलीची कुसंही विणलेल्या कापडात रुतून बसतात, तिला गुळगुळीत ग्रेन चामडं किंवा रबर. कोकणात काजू फोडताना टरफलाचं जे तेल निघतं त्याने हात भाजतात, सुती हातमोजा ते शोषून कातडीवर धरून ठेवतो, तिथेही रबराचाच.

जिथे हातमोजे चालत नाहीत

मळणी यंत्र, कडबाकुट्टी, ड्रिल, पट्ट्यावर चालणारी मोटर, जे काही फिरतं त्याच्याजवळ हातमोजा काढून ठेवा. सैल बोट किंवा बाही एकदा ओढली गेली की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. कडबाकुट्टीवर बोटं, हात गेलेले लोक गावोगावी आहेत.

फवारणीला चामडी आणि सुती हातमोजे कधीच नाहीत. औषध त्यात मुरतं, धुऊन निघत नाही आणि पुढे कितीतरी दिवस घामाबरोबर अंगात जात राहतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते विसरता येत नाही. फवारणीला नायट्राइलचे, म्हणजे एका कृत्रिम रबराचे लांब हातमोजे, आतून अस्तर नसलेले, काढायच्या आधी घातल्या हातांनीच साबणाने धुवायचे. चामड्याच्या जोडीवर चुकून जहाल औषध सांडलं तर ती जोडी फेकून द्यायची, कितीही महाग असली तरी, आणि फेकताना कापून टाकायची म्हणजे दुसरं कोणी उचलून वापरणार नाही.

कोयत्याच्या हाताबद्दल, ज्या हातात कोयता किंवा कुऱ्हाड आहे त्या हातात सैल हातमोजा नको, दांडा निसटतो. धरणाऱ्या हातात चामडं घाला. आणि साप. दगडांच्या ढिगात, पाचटाखाली, जळणात घोणस किंवा फुरसं असू शकतं, हातमोजा आहे म्हणून हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं.

आमच्या डाळिंबवाल्यांसाठी अजून एक. तेल्या रोग असलेल्या बागेत कात्री आपण सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवत जातो, पण हातमोज्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. त्या पाण्यात चामडं बुडवलं तर ते खराब होतं, न बुडवावं तर रोगट फांदीचं ओलं तसंच पुढच्या झाडाला. म्हणून रोगट बागेसाठी वेगळी, धुता येणारी रबराची जोडी ठेवा, निरोगी बाग आधी उरकून घ्या, आणि छाटणीची मजूर टोळी येते तेव्हा त्यांना हातमोजे आपणच द्या, त्यांच्याकडचे काल कुठल्या बागेत होते ते माहीत नसतं.

टिकवायचे कसे

नवीन चामडं दोन-चार दिवस थोडा-थोडा वेळ घालून हलक्या कामाला वापरा, हाताच्या आकाराला येतं. संध्याकाळी माती ब्रशने झाडा, ओलं कापड फिरवा, साबणाच्या पाण्यात भिजत टाकू नका. भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा भर उन्हात वाळवलं की ते पापडासारखं ताठ होतं आणि मग घडीवर तुटतं. अर्धवट ओले असताना एकदा घालून मुठी वळल्या की मऊ वाळतात. महिन्यातून कधीतरी एरंडेल तेलाचा अगदी पातळ हात, बोटाला लागेल इतकंच, मेण वितळवून त्यात थोडं तेल घालून ठेवलं तर आणखी चांगलं. तेल जास्त झालं की चामडं लिबलिबीत होतं, ओढलं जातं आणि धूळ धरतं.

पावसाळ्यात बुरशीचा त्रास फार. पिशवीत कोंबून ठेवायचे नाहीत, बोटांच्या टोकांना चिमटा लावून तोंड खाली करून वारा लागेल असे टांगायचे, म्हणजे आतलं दमट वाळतं. पांढरी बुरशी आलीच तर कोरड्या कापडाने पुसून सावलीत वाऱ्यावर ठेवा. आणि घालण्याआधी दर वेळी, न चुकता, हातमोजा उलटा धरून झटका, प्रत्येक बोट दाबून बघा, विंचवाला असली काळोखी जागा फार आवडते.

एखादा टाका उसवला की त्याच आठवड्यात शिवून घ्या, वाट बघितली की शेजारचे चार टाके जातात. जाड सुई आणि मेण लावलेला नायलॉनचा दोरा घरी ठेवला तर आपल्यालाही जमतं, जुन्याच भोकांतून घालायचा, नवीन भोकं पाडली की चामडं कमजोर होतं. अंगठ्याच्या खोबणीत भोक पडायला लागलं की जुन्या हातमोज्याच्या मागच्या बाजूचा, न झिजलेला तुकडा कापून तिथे आतून शिवा. उजवा आणि डावा सारखे झिजत नाहीत, कात्रीच्या हाताचा अंगठ्याजवळ आधी जातो, फांदी धरणाऱ्याचा बोटांच्या टोकाला, म्हणून मी एकाच मापाच्या, एकाच बनावटीच्या दोन जोड्या एकदम घेते आणि एक हात गेला तरी उरलेला ठेवून देते, पुढे त्यांची जोडी लागते.